शर्यत पायांची, निकाल पोटाचा

शिवाजी विद्यापीठाच्या आवारातल्या एका किरकोळ चढावर मी उभा राहिलो आणि मला माझा स्पर्धक क्रमांक आठवेना. तो कमरेच्या पट्ट्यावर लावलेला होता. मान खाली घातली असती तर दिसला असता, पण मान खाली घालायची हेही सुचत नव्हतं. धावण्याचा बारावा किलोमीटर चालू होता. त्याआधी राजाराम तलावात १.९ किलोमीटर पोहणं आणि महामार्गावर ९० किलोमीटर सायकल हाणणं झालं होतं. दम लागला नव्हता, पायात गोळे आले नव्हते, छातीवरचा पट्टा नाडी १३१ दाखवत होता. तरीही गाडी बंद. कडेला टाळ्या वाजवणारं एक पोरगं ओरडलं, “काका, पळा की! एवढ्यासाठीच आलायसा न्हवं?”

प्रश्न रास्त होता. उत्तर पायांत नव्हतं, बरगड्यांच्या खाली होतं.

पोहणं, सायकल आणि धावणं मिळून ११३ किलोमीटर. कोल्हापुरात ‘बर्गमन’ नावाने जी स्पर्धा होते तिचं हे अंतर, आणि आयर्नमॅनच्या बरोबर अर्धं. पूर्ण आयर्नमॅन म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन. या वेडाचं मूळ हवाई बेटांवरच्या एका वादात आहे. सगळ्यांत तंदुरुस्त कोण, पोहणारा, धावणारा की सायकलवाला? अमेरिकी नौदलातले जॉन कॉलिन्स आणि त्यांची पत्नी ज्यूडी यांनी तिथल्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकाच दिवसात जोडून टाकल्या. १८ फेब्रुवारी १९७८ ला १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला आला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या मदतनीसांकडचं पाणी वाटेत संपलं, म्हणून त्यांनी त्याला बिअर पाजली. हा किस्सा हसण्यावारी नेतात, पण या खेळातला सगळ्यांत अवघड प्रश्न पहिल्याच दिवशी पुढे आला होता: वाटेत पोटात काय घालायचं?

आता कोल्हापूरला हा नाद चांगलाच लागलाय. पहाटे रंकाळ्यावर धावणारे, रविवारी तवंदी घाटापर्यंत सायकलवर जाऊन नाश्त्याच्या वेळेत परतणारे, २०१९ पासून गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर होणाऱ्या स्पर्धेसाठी घाट उतरणारे. डॉक्टर, बांधकाम ठेकेदार, बँकवाले. बहुतेकांनी लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत उडी मारलेली असते. ‘पोहता येतं’ हा आत्मविश्वास तिथूनच आलेला, आणि तोच पुढे महागात पडतो. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट. त्यात विहिरीतल्या पद्धतीने हात मारले की निम्मी ताकद पाणी ढवळण्यात जाते. पण ते शिकता येतं. पोटाचं मात्र कुणी शिकवत नाही.

आमच्या गल्लीतले आबा जुने पैलवान. मी सायकलच्या बाटलीत पांढरी पूड घोळताना पाहिलं की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. “असलं पाणी पिऊन कुणी पळतंय व्हय रं? दूध पी. बदाम खा. तूप खा.” आबांची चूक नव्हती. कुस्ती काही मिनिटांची. त्या मिनिटांत स्नायूंना लागणारी ऊर्जा स्नायूंतच असते. पहिल्या काही सेकंदांना फॉस्फोक्रिएटिन पुरतं, मग साखर ऑक्सिजनविनाच झपाट्याने फोडली जाते. आखाड्यात उतरल्यावर पैलवानाला काही खावं लागत नाही. खुराक आधीच झालेला असतो आणि त्याचं काम शरीर बांधायचं असतं. सात तासांच्या शर्यतीत वेगळी अडचण येते. शरीर बांधून तयार असतं, पण इंधनाचा हिशोब जुळत नाही.

तो हिशोब साधा आहे. माझं वजन ७० किलो. धावायला दर किलोमीटरला दर किलो वजनामागे ढोबळमानाने एक कॅलरी लागते (आहारतज्ज्ञांची कॅलरी, म्हणजे किलोकॅलरी). २१.१ किलोमीटरचे झाले साधारण १,५००. सायकलचे १,९०० धरा, पोहण्याचे ५००. एकूण ३,९००. आता जमेची बाजू. अंगात निदान दहा किलो चरबी आहे, म्हणजे सत्तर-ऐंशी हजार कॅलरी. एवढ्यात इथून बंगळूर गाठावं. पण या गोदामाचं दार अरुंद आहे. माझ्यासारखा हौशी माणूस शर्यतीच्या वेगात मिनिटाला साधारण अर्धा ग्रॅम चरबी जाळू शकतो. तासाला ३० ग्रॅम, म्हणजे २७० कॅलरी. सात तासांत १,९००. उरलेल्या २,००० कर्बोदकांतूनच यायला हव्यात.

चरबी आणखी वेगाने का जळत नाही? एक कारण म्हणजे ती ऑक्सिजन जास्त मागते. एक लिटर ऑक्सिजन वापरून साखर जाळली तर ५.०५ कॅलरी मिळतात, चरबी जाळली तर ४.६९. शिवाय चरबी पेशीतून सुटून, रक्तातून स्नायूत, तिथून मायटोकॉन्ड्रियात पोचायला वेळ लागतो. वेग वाढला, चढ आला, की शरीर साखरेकडे वळतं. महिनोन्महिने सावकाश, गप्पा मारता येतील अशा वेगाने केलेला सराव हे दार थोडं रुंद करतो. कारण त्याने स्नायूंत मायटोकॉन्ड्रिया वाढतात. सरावातला हा भाग सगळ्यांत कंटाळवाणा, म्हणून सगळे तोच टाळतात. मीही टाळला.

साखरेचा साठा म्हणजे ग्लायकोजेन. स्नायूंत चारशे-पाचशे ग्रॅम, यकृतात शंभरेक. एकूण २,००० कॅलरी. मग हिशोब जुळला की! नाही जुळला. हा साठा वाटून घेता येत नाही. १९६६ मध्ये स्वीडनचे योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन यांनी एक मजेदार प्रयोग केला. दोघे एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसले आणि एकेकाने एकच पाय चालवत दमेपर्यंत पेडल मारलं. मग दोन्ही मांड्यांत सुई खुपसून स्नायूचे कण काढले. दमलेल्या पायातलं ग्लायकोजेन जवळजवळ संपलेलं, शेजारच्या पायात जसंच्या तसं. पुढचे तीन दिवस भरपूर कर्बोदकं खाल्ल्यावर रिकामा झालेला पाय पूर्वीपेक्षा किती तरी जास्त भरला आणि दुसरा होता तसाच राहिला. स्नायूत गेलेली साखर परत रक्तात सोडायला लागणारं विकरच स्नायूत नसतं. म्हणजे पोहून झाल्यावर माझ्या खांद्यांत जे काही शिल्लक असेल, ते धावताना मांड्यांच्या काही कामाचं नाही. एकाच घरात राहून चुली वेगळ्या. रक्तात साखर सोडणारं मुख्य कोठार यकृताचं, ते लहान. त्यातलं बरंचसं रात्री झोपेतच मेंदूने खाल्लेलं असतं.

म्हणून वाटेत खावं लागतं. १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा गलितगात्र झालेल्यांची रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरलेली सापडली. पुढच्या वर्षी त्यांना वाटेत गोळ्या-चॉकलेट दिलं आणि फरक पडला. तासाला किती खायचं हे कळायला मात्र आणखी पंचाहत्तर वर्षं गेली. लहान आतड्याच्या भिंतीत ग्लुकोज आत घेणारा एक वाहक असतो. तासाला साधारण ६० ग्रॅमला तो भरतो, वरची साखर आतड्यातच पडून राहते, पाणी ओढते आणि पोट बिघडवते. फ्रुक्टोजचा दरवाजा वेगळा आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठात ॲस्कर यूकेनड्रुप आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोन्ही मिसळून दिले तर तासाला ९० ग्रॅमपर्यंत मजल जाते. शर्यतीत खायच्या महागड्या जेलच्या पाकिटावर दोन साखरांचं प्रमाण छापलेलं असतं ते यामुळेच. आता आपल्या गुळाकडे बघा. त्यातला मोठा भाग सुक्रोज, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी, आणि थोडी साखर आधीच सुटी झालेली. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला कोल्हापुरी गूळ दोन्ही दारांची किल्ली घेऊनच येतो. तो सायकलवर बसून खिशातून काढताना हाताला चिकटतो, एवढाच त्याचा दोष.

हे सगळं मला शर्यतीआधी ठाऊक होतं. तरी पहाटे साडेचारला मी काय केलं? आदल्या संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरून आबांनी आणलेलं म्हशीचं दूध, आटवून, बदाम घालून, मोठा पेला भरून प्यालो. आबा समोर बसले होते. नाही म्हणायची टाप नव्हती, आणि खरं सांगायचं तर म्हणावंसंही वाटलं नाही. स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतात. एरवी हा गुणच, कारण भूक लवकर लागत नाही. तलावात आडवं होऊन, पाण्याचा दाब पोटावर घेत, दर तिसऱ्या हाताला श्वास घेताना मला मात्र बदाम आठवत होते.

सायकलवर बसल्यावर पहिलं जेल खाल्लं आणि ते वर आलं. मग मी ठरवलं, जरा थांबू, पोट शांत होऊ दे. दोन तास साध्या पाण्याशिवाय काही घेतलं नाही. त्या वेळी छान वाटत होतं. मागून वारा, मोकळा रस्ता, ओळखीचे उड्डाणपूल. वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला पुरवायची ताकद घनाने, त्यामुळे जोशात तासाला दोन किलोमीटर जास्त ओढले की साखरेचं बिल झपाट्याने फुगतं. ते बिल तेव्हा दिसत नाही.

नऊनंतर ऊन चढलं. स्नायू खाल्लेल्या ऊर्जेचा पाचवा किंवा चौथा भागच कामाला लावतात, बाकीची उष्णता होते. माझ्या ३,९०० कॅलरींतल्या सुमारे ३,००० म्हणजे चाळीस लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी उष्णता. ती घामाने बाहेर काढायची तर रक्त कातडीकडे पाठवावं लागतं, पायांनाही हवंच असतं, आणि या भांडणात पोटाचा वाटा मारला जातो. जोराच्या व्यायामात आतड्यांचा रक्तपुरवठा विश्रांतीच्या निम्म्याहूनही कमी होऊ शकतो. भूक भागवायची खरी गरज असते, नेमकं तेव्हाच पचनाचं दुकान अर्धं बंद असतं.

सायकल ठेवून धावायला लागल्यावर पाय लाकडाचे वाटतात ते सगळ्यांचंच होतं. तीन-चार तास गोल फिरलेल्या पायांना पाऊल टाकायची लय नव्याने जुळवावी लागते. ते दोनेक किलोमीटरमध्ये सुटतं. माझं जे बाराव्या किलोमीटरला झालं ते वेगळं. यकृत रिकामं, रक्तातली साखर उतरलेली, आणि मेंदू ग्लुकोजशिवाय दुसरं सहसा काही जाळत नाही. म्हणून पाय ठीक आणि डोकं बंद. सायकलवाले याला ‘बाँक’ म्हणतात. आबांच्या भाषेत ‘वात विझली’.

एका स्वयंसेवकाने कळवळून पाण्याची बाटली पुढे केली. तीही संपली, तर दुसरी. इथेही एक सापळा आहे. घामातून सोडियम जातं आणि वर साधं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम कमी भरलं, आणि धोका सर्वांत जास्त कुणाला, तर वाटेत इतकं प्यालेल्यांना की शर्यतीअंती त्यांचं वजन वाढलं होतं. लक्षणंही फसवी: मळमळ, गोंधळ, गळाठा. बघणाऱ्याला वाटतं, याला पाणी कमी पडलं.

मी तिसरी बाटली परत केली आणि मागच्या खिशात हात घातला. घामाने ओला झालेला गुळाचा खडा निघाला, सरावातल्या सवयीने ठेवलेला. गिळायची हिंमत नव्हती, म्हणून नुसता गालात धरला.

अर्ध्या मिनिटात माझा क्रमांक मला आठवला.

तेवढ्या वेळात साखर रक्तात पोचत नाही. जठर, आतडं, यकृत, मग रक्त, या वाटेला कितीही घाई केली तरी मिनिटं जातात. मग क्रमांक आठवला कसा? याचाही शोध लागलेला आहे. २००४ मध्ये बर्मिंगहॅमच्याच संशोधकांनी सायकलपटूंना स्टार्चपासून केलेलं, चव नसलेलं कर्बोदकाचं द्रावण फक्त तोंडात खळखळून थुंकायला सांगितलं. तासाभराच्या शर्यतीत ते, साध्या पाण्याने खळखळलं होतं त्या वेळेपेक्षा, जवळपास तीन टक्क्यांनी वेगवान ठरले. पोटात काहीच गेलं नव्हतं. तोंडातल्या संवेदकांनी कर्बोदक ओळखलं आणि मेंदूला निरोप गेला की रसद येते आहे. मेंदूने आवळून धरलेली मूठ थोडी सैल केली. थकवा हा काही अंशी मेंदूने घेतलेला खबरदारीचा निर्णय असतो, आणि तो निर्णय जिभेच्या साक्षीवर फिरतो, हे मला त्या चढावर पटलं. निरोपाने इंजिन चालत नाही, हेही लगेच कळलं. खडा विरघळेपर्यंत चाललो, मग घोट-घोट मिठाचं सरबत, मग पुढचा खडा. उरलेले नऊ किलोमीटर मी पळालो असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल.

७ तास ३१ मिनिटं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उलटा उतरलो, कठड्याला धरून. उतारावर आणि उतरताना स्नायू ताणले जात असतानाच आकसतात, त्यात त्यांचे बारीक तंतू फाटतात. दुखणं त्याचं असतं. लोक लॅक्टिक आम्लाला दोष देतात, पण ते तासा-दोन तासांत निपटलेलं असतं. दूध कट्ट्यावर आबा आधीच उभे होते. त्यांना वेळ, क्रमांक यात रस नव्हता. “काय खाल्लंस शेवटाला?” एवढंच त्यांनी विचारलं. गूळ म्हणालो तर खूश झाले, जणू त्यांनीच सुचवला होता. मग पेला पुढे केला. रिकाम्या मांड्यांना साखर आणि फाटलेल्या तंतूंना प्रथिनं, दोन्ही त्यात होतं. मी दोन पेले प्यालो. तिसरा त्यांनी न विचारता भरला.