टोफू मुरवत ठेवू नका

टोफूला चव नसते, ही त्याच्याबद्दलची सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार. त्यावरचा सल्लाही ठरलेला आहे: सोया सॉस, आलं, लसूण यांत तो दोन तास, जमल्यास रात्रभर मुरत ठेवा, म्हणजे चव आत उतरेल. कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसातला घरी पोचणाऱ्याला हे जमणं कठीण. मग पाकीट फ्रिजमध्येच राहतं आणि तारीख उलटली की कचऱ्यात जातं. हा सल्ला गैरसोयीचा तर आहेच, पण विज्ञानाच्या कसोटीवरही तो टिकत नाही. टोफूच्या आत चव घालायचा खटाटोप सोडून सगळं लक्ष त्याच्या बाहेरच्या पातळ थरावर दिलं, तर अर्ध्या तासाच्या आत फार चांगलं जेवण होतं. जपानी तेरियाकीत नेमकं हेच करतात. तिथे पदार्थ आधी भाजला जातो आणि सोया सॉस व साखरेचा चकचकीत लेप त्यावर शेवटी चढतो.

टोफू बनतो कसा, हे पाहिलं की कारण कळतं. सोयाबीन भिजवून, वाटून, उकळून, गाळून दूध काढतात. उकळताना ग्लायसिनिन आणि बीटा-कॉन्ग्लायसिनिन ही त्यातली मुख्य प्रथिनं उलगडतात. मग मॅग्नेशियम क्लोराइड किंवा कॅल्शियम सल्फेट घातलं की ती एकमेकांना धरून बारीक जाळं विणतात आणि त्या जाळ्यात पाणी अडकून राहतं. चांगल्या घट्ट टोफूतही वजनाच्या ७० ते ८५ टक्के पाणीच असतं. म्हणजे जागा आधीच भरलेली आहे. बाहेरचा सॉस शोषून घ्यायला आत मोकळी पोकळी नाही. चवीचे रेणू त्या पाण्यातून एकेक करून सरकतील तेवढेच, आणि हे सरकणं अतिशय मंद असतं. मिठाचे आयन लहान, तरीही अर्ध्या तासात ते जेमतेम दोन मिलिमीटर आत जातात. शिवाय अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. दोन सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याच्या मध्यापर्यंत पोचायला या हिशेबाने बारा-तेरा तास हवेत. साखरेचा रेणू मोठा, तो आणखी मागे राहतो. तिळाच्या तेलाचा किंवा तळलेल्या लसणाचा वास ज्या रेणूंमुळे येतो, ते बहुतेक पाण्यापेक्षा तेलात रमणारे; ते तर पाण्याने भरलेल्या जाळ्यात जवळजवळ शिरतच नाहीत. लोणचं मुरायला आपण कित्येक दिवस देतो, ते उगाच नाही.

मुरवण्याचा फायदा थोडाच, तोटा मात्र मोठा, कारण तुकडा ओलाचिंब होऊन तव्यावर येतो. एक ग्रॅम पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३३५ जूल ऊर्जा पुरते. त्याच पाण्याची वाफ करायला आणखी २२५७ जूल लागतात, म्हणजे जवळपास सातपट. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तव्याची सगळी उष्णता ही वाफ करण्यातच खर्ची पडते आणि तुकड्याचं बाहेरचं तापमान १०० अंशांच्या वर सरकत नाही. खमंगपणा मात्र त्याच्या बराच वर, साधारण १४० अंशांपुढे, झपाट्याने तयार होतो. प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि साधी साखर यांच्यातली ही अभिक्रिया लुई-कामिय माय्यार या फ्रेंच संशोधकाने १९१२ मध्ये वर्णन केली. तिचे टप्पे जॉन हॉज या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये नीट मांडले. टोफूची इथे आणखी एक अडचण आहे. प्रथिनं भरपूर, पण सोयाबीनमधली साखर मुख्यतः सुक्रोज, रॅफिनोज आणि स्टॅकिओज या रूपांत असते, जी या अभिक्रियेत थेट भाग घेत नाही. त्यातलीही बरीचशी टोफू दाबताना पाण्याबरोबर निघून जाते. म्हणून नुसता टोफू लवकर तांबूस होत नाही.

तेव्हा पहिलं काम पृष्ठभाग कोरडा करण्याचं. टोफूचे दीड-दोन सेंटिमीटर जाडीचे तुकडे करा, स्वच्छ सुती कपड्यावर पसरा, वरून दुसऱ्या कपड्याने टिपा आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर भुरभुरवून हलक्या हाताने घोळवा. स्टार्च उरलासुरला ओलावा ओढून घेतो, गरम तेलात फुगतो आणि मग वाळून पातळ कुरकुरीत कवच होतो. बिडाचा तवा असेल तर उत्तम, कारण तो जड असतो आणि गार तुकडे पडले तरी लगेच थंडावत नाही. तुकडे घातल्यावर चरचर जोरात ऐकू येते, ती निघून जाणाऱ्या पाण्याची. ती मंदावली की कड सोनेरी दिसायला लागते. तुकडा तव्याला चिकटलेला वाटला तर ओढू नका. कवच पक्कं झालं की उलथनं सहज खाली सरकतं. एका बाजूला चार-पाच मिनिटं लागतात, आणि इथे घाई केली तर पुढचं सगळं फसतं.

लेपाचं शास्त्र आपल्या स्वयंपाकघरांना ओळखीचं आहे, कारण तो एक पाकच असतो. २०० ग्रॅम टोफूला दोन मोठे चमचे सोया सॉस, तेवढाच चिरलेला गूळ किंवा मध, चमचाभर व्हिनेगर, किसलेलं आलं-लसूण आणि तीन-चार चमचे पाणी पुरे. मध असेल तर त्यातलं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज खमंगपणाची अभिक्रिया थेट पुढे नेतात. पाणी उडून साखरेचं प्रमाण वाढतं तसा उत्कलनबिंदू १०० च्या वर चढतो. सुरुवातीला बुडबुडे बारीक आणि चपळ असतात, मग मोठे, संथ आणि चकचकीत होतात. उलथनं फिरवल्यावर तव्यावर रेघ क्षणभर तशीच राहिली की आच बंद करावी. आणखी थांबलात तर पाणी संपतं, तापमान एकदम वर जातं आणि साखर करपून कडू होते. म्हणूनच लेप शेवटच्या दोन मिनिटांत घालायचा, आधी नाही. सोया सॉसमध्ये आंबवण्याच्या क्रियेत सुटं झालेलं ग्लुटामेट असतं. किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बू या समुद्री शेवाळातून वेगळं काढलेला पदार्थ तोच. ही भरीव चव आटल्यावर आणखी दाट होते.

यावर कुणी म्हणेल, मग आतला भाग बेचव राहणार. राहू दे. चव कळते ती जिभेवर विरघळणाऱ्या पदार्थाची, तुकड्याच्या पोटात अडकलेल्या मिठाची नव्हे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ब्रेडमध्ये मीठ सगळीकडे सारखं न मिसळता कमी-जास्त खारट थरांमध्ये विभागलं, तेव्हा कमी मिठातही ब्रेड तितकाच खारट लागला. याला आरोग्याचीही बाजू आहे. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत राहावं. वाटीभर सॉसमध्ये मुरवून उरलेला ओतून देण्यापेक्षा दोन चमचे पृष्ठभागावर आटवणं केव्हाही शहाणपणाचं.

टोफू गोठवल्याने फरक पडतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. बर्फ होताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं, जाळं फाटतं आणि वितळल्यावर छिद्रं राहतात, ज्यांत रस खरोखर शिरतो. जपानमध्ये कोया-दोफू हा गोठवून वाळवलेला टोफू त्यासाठीच करतात. पण त्याची तयारी आदल्या दिवशी लागते आणि पोत पूर्ण बदलतो. रस्सा असेल तर तो निवडावा. वजनाखाली अर्धा तास दाबल्याने तुकडा जरा घट्ट होतो, भाजण्यासाठी त्याची गरज नाही. घाईच्या वेळी त्याऐवजी कापलेले तुकडे पाच-दहा मिनिटं उकळत्या मिठाच्या पाण्यात ठेवावेत. बाहेरच्या थराला मीठ लागतं, आणि गरम तुकड्यावरचं पाणी टिपल्यावर भराभर उडून जातं. दुकानात टोफू पनीरशेजारी ठेवलेला असतो, म्हणून तो पनीरसारखाच शिजवला जातो, तेही सोडायला हवं. पनीरमध्ये दुधाची स्निग्धता भरपूर असते आणि ती स्वतःच चव देते. टोफूत ती बरीच कमी, त्यामुळे ग्रेव्हीत नुसता सोडलेला टोफू फिकाच लागणार.

कुकरला भात लावून मगच टोफू कापायला घ्या. वाफ जिरेपर्यंत तुकडे भाजून लेप चढलेला असेल. वर कांद्याची पात आणि भाजलेले तीळ घालून लगेच वाढा, कारण आतलं पाणी बाहेर सरकायला लागलं की कवच मऊ पडतं. हा टोफू डब्यासाठी नाही, तव्यावरून थेट ताटात घेण्याचा आहे.