विजेचे साधे गणित

हिवाळ्याच्या पहाटे जवाहरनगर परिसरातील घराघरांत पाणी तापविण्याची लगबग सुरू होते. चुलीची जागा पुष्कळ ठिकाणी आता विजेच्या रॉडने घेतली आहे. परंतु हा रॉड ज्या बोर्डात लावावयाचा, तो त्याचा भार सोसू शकेल काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर आपल्या पाल्याच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. ते पालक व माजी विद्यार्थी यांच्यासमोर ठेवावे, असे आम्हांस वाटते.

गच्चीवरील पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणावी. टाकीची उंची म्हणजे विभवांतर, ते व्होल्टमध्ये मोजतात. नळातून वाहणारे पाणी म्हणजे विद्युतधारा, तिचे एकक अँपिअर. नळ जितका अरुंद तितका अडथळा अधिक. हा अडथळा म्हणजे रोध. जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम यांनी १८२७ साली या तिघांतील संबंध प्रसिद्ध केला, म्हणून रोधाच्या एककास त्यांचे नाव मिळाले. विभवांतराला विद्युतधारेने भागले की रोध मिळतो. त्याच दोन संख्यांचा गुणाकार केला की शक्ती वॅटमध्ये मिळते.

आता आपला रॉड घेऊ. त्यावर १५०० वॅट लिहिलेले असते आणि घरातील वीज २३० व्होल्टची असते. १५०० ला २३० ने भागले असता विद्युतधारा सुमारे ६.५ अँपिअर येते. २३० ला ६.५ ने भागले असता रोध सुमारे ३५ ओहम येतो. लहान पिनांच्या सॉकेटाची क्षमता ६ अँपिअर, तर मोठ्या पिनांच्या सॉकेटाची १६ अँपिअर असते. म्हणजे हा रॉड लहान सॉकेटासाठी नाहीच. मध्ये अडॅप्टर बसविल्याने प्लग बसतो, सॉकेटाची क्षमता मात्र वाढत नाही.

खरा धोका सैल जोडणीत असतो. उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सैल पिनेचा रोध केवळ अर्धा ओहम मानला, तरी ६.५ अँपिअरला तेथे सुमारे २१ वॅट उष्णता निर्माण होते. त्याच बोर्डावर दुसरा रॉड लावला की धारा दुप्पट होते आणि उष्णता चौपट, म्हणजे सुमारे ८४ वॅट. एवढ्या उष्णतेने प्लास्टिक वितळते, आग लागते.

दाब १८० व्होल्टवर उतरला, तर हाच रॉड सुमारे ९२० वॅटच शक्ती देतो. पाणी लवकर तापत नाही म्हणून काहीजण अधिक वॅटचा रॉड आणतात. दाब पूर्ववत होताच तोच रॉड जुन्या तारांना जड जातो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. वीजविकासाचे धोरणही तेव्हा त्यांच्याच खात्याकडे होते. स्वस्त व पुरेशी वीज ही औद्योगिक प्रगतीची पूर्वअट आहे, हा विचार त्यांनी आग्रहाने मांडला. ती वीज आज आपल्या घरात आली आहे. ती समजून वापरणे हे आपले काम आहे.

या रविवारी आपल्या पाल्यास घरातील प्रत्येक उपकरणावरचे वॅट वाचावयास सांगावे, त्यांना २३० ने भागावयास लावावे आणि उत्तर सॉकेटावरील आकड्याशी ताडून पाहावे. शाळेतील गणित अशा रीतीने घराच्या रक्षणास येईल.