उजेडाला दारू दिसते कशी?

पावसाळ्यातल्या रविवारी ताम्हिणीहून पुण्याला परतताना पौड-पिरंगुटच्या बाजूला नाकाबंदी दिसली, की काही गाड्यांमधून बडीशेप आणि मिंटच्या गोळ्या फिरू लागतात. यंत्र वास घेतं, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात पोलिसांच्या हातातल्या यंत्रात फुंकलेल्या हवेतल्या इथेनॉलची रासायनिक क्रिया होते आणि त्यातून निर्माण होणारा विद्युतप्रवाह मोजला जातो. बडीशेप तोंडात राहते. इथेनॉल रक्तातून फुप्फुसात येतं. लिंबूपाणी किंवा काळ्या चहाचाही उपयोग नाही. यकृत १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम अल्कोहोल कमी करतं. कायद्याची मर्यादा आहे ३०; म्हणजे ९० वर असलेल्याने निदान तीन-चार तास तरी स्टिअरिंगला हात लावू नये.

उजेडाने दारू मोजणं ही उद्याची गोष्ट, असं अनेकांना वाटतं. पण अमेरिकेत रॉबर्ट बोर्केनस्टाईन यांनी १९५४ मध्ये बनवलेलं यंत्रही उजेडावरच चाले. श्वासातल्या अल्कोहोलमुळे पोटॅशियम डायक्रोमेटचा नारिंगी रंग किती बदलला, हे ते प्रकाशविद्युत घटाने मोजी. आजची टेबलावरची यंत्रं श्वासातून अवरक्त किरण सोडतात. इथेनॉल ३.४ आणि ९.५ मायक्रोमीटरच्या आसपासचे किरण शोषतं. ३.४ च्या आसपास मधुमेहींच्या श्वासातलं ॲसिटोनही लुडबुड करतं, म्हणून दुसऱ्या तरंगलांबीचा ताळा उपयोगी पडतो.

खरी नवलाई आहे ती न फुंकता, नुसतं बोट किंवा हात टेकवून मोजण्याची. इथे घामाशी संबंध नाही. १.२५ ते २.५ मायक्रोमीटरचे किरण कातडीत शिरून परत येतात आणि आतल्या द्रवातल्या इथेनॉलची खूण घेऊन येतात. अडचण पाण्याची: शरीरात तेच भरपूर, त्याचं शोषणही जबर, आणि त्यातून इथेनॉलचा इवलासा वाटा गणिताने वेगळा काढावा लागतो. शिवाय नुकतीच प्यायलेली दारू रक्तापेक्षा कातडीतल्या द्रवात जराशी उशिरा पोहोचते. मोटारीतच असं यंत्र बसवण्यासाठी अमेरिकेत २००८ पासून प्रकल्प चालू आहे.

‘मग उजेडावरच चालणारं माझं ऑक्सिमीटर का नाही सांगत?’ त्याचे दिवे ६६० आणि ९४० नॅनोमीटरचे. तिथे इथेनॉलची कामाची खूणच नाही. सावळ्या कातडीवर ऑक्सिमीटर कधी कधी चुकतं, हे खरं. पण तरंगलांबी वाढत जाते तसं मेलॅनिनचं शोषण घटतं, त्यामुळे हा दोष अल्कोहोल मोजताना जसाच्या तसा लागू होत नाही.

फुंकायला नकार दिला की सुटलो, हाही भ्रम. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०४ नुसार अटकेनंतर रक्ताचा नमुना मागता येतो आणि कलम २०५ नुसार सबळ कारणाशिवाय दिलेला नकार आपल्याच विरोधात वापरला जातो. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८५ मध्ये श्वासयंत्राबरोबर ‘इतर कोणतीही चाचणी’ही आली, म्हणजे उजेडाला कायद्याचं दार निदान किलकिलं झालंय.

पण सुई नाही म्हणजे लबाडीही नाही, असं मी तरी म्हणणार नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. उजेडाच्या चाचणीत बदलायला बाटलीच नाही. मात्र आकड्यावर शंका आली, तर पुन्हा तपासायलाही बाटली नाही. दुसरा नमुना घेईपर्यंत यकृताने आपलं काम केलेलं असतं. नाक्यावर गाड्या चाळायला उजेड चांगलाच, पण कोर्टात उभं राहायचं असेल तर सीलबंद रक्त आणि त्याची चोख नोंद लागेल.