संहितेतील टिपा

जर्मनीत जन्मलेली स्टारऑफिस ही कार्यालयीन आज्ञावली १९९९ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीकडे गेली, पुढे तिची मूळ संहिता जगास खुली झाली आणि २०१० मध्ये त्याच वंशात लिब्रेऑफिस अवतरले. परंतु संगणक ज्यांकडे दुर्लक्ष करतो अशा, केवळ मनुष्यासाठी लिहिलेल्या ज्या टिपा त्या संहितेत ठायी ठायी होत्या, त्यांपैकी अनेक जर्मन भाषेत असल्यामुळे, मोडी दफ्तर हाती आलेल्या परंतु मोडी न जाणणाऱ्या वारसाप्रमाणे, त्या संहितेवर काम करणाऱ्या अन्यदेशीय स्वयंसेवकांस त्यांचा अर्थ लागेना. तेव्हा त्या टिपा इंग्रजीत आणण्याचे चिकाटीचे काम स्वयंसेवकांनीच वर्षानुवर्षे केले. हे श्रम नव्या सोयी रचण्याइतकेच मोलाचे होत. कारण एखादी ओळ काय करते हे बहुधा संहिताच सांगते. ती तशीच का लिहिली, हे मात्र टिपेवाचून कळत नाही. संहिता लिहिणाऱ्या वाचकांनी ते कारण त्याच दिवशी, सोप्या वाक्यात नोंदवावे.