दुसऱ्या तुकड्याची साक्ष

“काका, मशीन स्वतःच्या कामावर नेहमीच खूश असतं,” पार्से गावची एक मुलगी सहज बोलून गेली. ती मायक्रोवेव्ह सर्किटं मोजणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून तिचं काम बघायला गेलो.

आत आयसोप्रोपिल अल्कोहोलचा वास होता. ती भिंगाखाली एकेक कनेक्टर पुसत होती. समोर व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर. सर्किटमध्ये लहर सोडायची. किती परतली, किती पार गेली आणि कोणत्या फेजने, हे तो मोजतो. यंत्र तापल्यावर शॉर्ट, ओपन, लोड ही प्रमाण टोकं जोडून, मग दोन्ही केबली एकमेकींना जोडून कॅलिब्रेशन झालं. प्रत्येक नट टॉर्क रेंचनेच आवळायचा.

“१० गिगाहर्ट्झला लहर ३० मिलिमीटरची. जोड एक मिलिमीटर सरकला, तर परतणाऱ्या लहरीची फेज २४ अंश चुकते.” केबल टेबलाला बांधलेली. का, विचारलं. हलू नये म्हणून; पुन्हा तेच उत्तर: २४ अंश.

तोच शॉर्ट परत जोडला, तर पडद्यावर रेघ अगदी सरळ. पण कॅलिब्रेशनमधलं दुरुस्तीचं गणित त्याच शॉर्टवरून केलेलं. तो खराब असता तरी रेघ सरळच आली असती. आपणच पेपर काढावा, आपणच सोडवावा आणि आपणच तपासावा, तसं हे.

म्हणून तिने डबीतून वेगळा तुकडा काढला. दोन्ही टोकांना ५० ओहम, मधला भाग २५ ओहमचा. याचं उत्तर आधीच गणिताने ठाऊक असतं. ज्या वारंवारतेला मधल्या भागात पाव लहर मावते तिथे परावर्तन ०.६ आणि पार गेलेली लहर ०.८; अर्धी मावते तिथे परावर्तन जवळजवळ शून्य. दोन्ही आकड्यांच्या वर्गांची बेरीज १. धातूत थोडी ऊर्जा मुरते, म्हणून प्रत्यक्षात किंचित कमी. लक्षणीयरीत्या १ च्या वर गेली, तर कॅलिब्रेशन रद्द. कारण हा तुकडा ऊर्जा निर्माण करूच शकत नाही.

त्या दिवशी वरच्या वारंवारतांना बेरीज १ च्या वर गेली. तिने एक शब्द न बोलता सगळे जोड सोडले आणि पुन्हा पुसायला घेतले. मला तिच्या कामावर विश्वास बसला तो तिथे.

पार्से गावाजवळ तुये इथे इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांसाठी वसाहत आखली आहे. अशा ठिकाणी माल तपासून घेणाऱ्यांनी कॅलिब्रेशनच्या प्रमाणपत्रावर समाधान मानू नये. वेगळ्या तुकड्यावर त्याच दिवशी घेतलेला आलेख मागावा, आणि तो घेणाऱ्याला पुरेसा वेळही द्यावा.