जुने घर, जुनी वायर, नवा गिझर

पुण्यात कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांतून फिरताना अजूनही काही जुने वाडे उभे दिसतात. सागवानी खांब, जाड तुळया, मातीविटांच्या भिंती, वर कौले नाहीतर पत्रा. तुमच्यापैकी कोणाचा मुलगा, पुतण्या किंवा भाची अशाच एखाद्या वाड्यात खोली घेऊन शिकत असेल. आणि खरे सांगायचे तर तुमचे गावचे घरही याच जातीचे असेल. तेच लाकूड, तीच माती आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ठोकलेले वायरिंग. तेव्हा गोष्ट पुण्याची असली तरी ती घरचीच समजून वाचा.

या घरांत वीज आली तेव्हा भिंतीवर लाकडी पट्टी मारली, पट्टीवर पत्र्याच्या क्लिपा ठोकल्या आणि त्यांतून रबराचे वेष्टण असलेली तार नेली. त्या वायरमनला नावे ठेवू नका. त्याला चार दिवे, एक रेडिओ आणि फार तर एक पंखा चालवायचा होता. सगळे मिळून साडेतीनशे वॅट, म्हणजे दीड अँपिअर करंट. तेवढ्याला ती तार पुरून उरत होती. आज त्याच तारेवर दोन हजार वॅटचा गिझर, हजार वॅटची इस्त्री आणि पाचशे वॅटचा मिक्सर लागतो. हा झाला पंधरा अँपिअर. करंट दसपट झाला की तारेतली उष्णता दसपट होत नाही, ती शंभरपट होते. वरचे रबर तर केव्हाच वाळून चिरा पडलेले असते. हात लावला की पापुद्रे सुटतात. ती तार सुक्या सागवानी पट्टीवरून चाललेली आहे, हे ध्यानात घ्या. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला तेव्हा तिथे वीज नव्हती. पण लाकडाचा वाडा पेटल्यावर मागे काय उरते, ते आजही तिथे जाऊन पाहता येते. दगडी तट आणि जोती.

वाड्यात आणखी एक गोम असते. मीटर बहुधा जिन्याखाली, एका फळीवर ओळीने बसवलेले. जिना लाकडी, आणि वरच्या माणसांना उतरायला तोच एक रस्ता. तिथे ठिणगी पडली तर माणसांनी उतरायचे कुठून? मीटरखाली रद्दी, रॉकेलचा जुना डबा, मोडक्या खुर्च्या असतील तर त्या आजच हलवा. याला पैसा लागत नाही.

आता फ्यूजविषयी. फ्यूज वारंवार उडतो म्हणून तिथे जाड तार घालणारे लोक प्रत्येक गावात आहेत, आणि त्यांना लोक हुशार समजतात! फ्यूज उडतो तो भार जास्त झाला म्हणून. जाड तार घातली की फ्यूज उडायचा थांबतो आणि भिंतीतली तार फ्यूजचे काम करू लागते.

पण फ्यूज अगदी बरोबर असला तरी एक गोष्ट तो करत नाही. तो घर वाचवतो, माणसाला वाचवत नाही. पाच अँपिअरचा फ्यूज पाच अँपिअरच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. माणसाचे प्राण जायला मात्र त्याच्या शंभराव्या भागाएवढा करंटही पुरतो. दहा-पंधरा मिलिअँपिअरला मूठ आवळली जाते आणि वस्तू सोडवत नाही. तीस मिलिअँपिअरच्या पुढे हृदयाला धोका सुरू होतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या बाईने करंट उतरलेल्या गिझरच्या नळाला हात लावला, तर तिच्या अंगातून याच्या कितीतरी पट करंट जातो. फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही.

ते काम दोन वस्तू करतात. एक अर्थिंग, दुसरी ई. एल. सी. बी. नावाची पेटी. ही पेटी घरात किती करंट गेला आणि किती परत आला हे सतत ताडून पाहते. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की डोळ्याची पापणी लवेपर्यंत वीज तोडते. घरासाठी तीस मिलिअँपिअरचीच मागा. तिची किंमत एका शेळीच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी आहे.

अर्थिंगची कहाणी मात्र फसवी आहे. जुन्या घरात दोनच तारा फिरवलेल्या असतात, तिसरी नसतेच. तीन भोकांचे सॉकेट बसवले म्हणजे अर्थिंग झाले असे नव्हे. वरच्या मोठ्या भोकामागे तार आहे का, ते उघडून पाहावे लागते. काही घरांत अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळून भागवलेले असते. पुढे लोखंडी पाइप काढून प्लॅस्टिकचा येतो आणि अर्थिंग गुपचूप नाहीसे होते. घरात कोणाला कळतही नाही. गावाकडे आपल्याला अंगण आहे, ही मोठीच सोय. अंगणात अडीच मीटर खोल लोखंडी पाइप उतरवून, भोवती कोळसा-मीठ घालून पक्के अर्थिंग करून घ्यावे आणि उन्हाळ्यात त्यावर अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे. वाळलेल्या मातीत अर्थिंग नावापुरतेच राहते.

ई. एल. सी. बी. बसवल्यावर जुन्या घरात ती पहिल्या पावसात पुन्हा पुन्हा पडते. लगेच वायरमनला बोलावून ती काढून टाकायला सांगितली जाते. असे करू नका. भिंत ओली झाली आहे आणि करंट कुठेतरी गळतो आहे, हे ती सांगते आहे. एकेका खोलीचा फ्यूज काढून पाहिले तर कोणत्या खोलीत दोष आहे ते सापडते.

खर्च कोणी करायचा, हा सर्वांत अवघड प्रश्न. पुण्याच्या वाड्यांत भाडी १९४७ च्या कायद्याने गोठली, ती वर्षानुवर्षे तशीच राहिली. मालक म्हणतो एवढ्या भाड्यात वायरिंग कसे करू, भाडेकरू म्हणतो वाडा तर तुमचा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानेही डागडुजी मालकाकडेच ठेवली आहे. पण कायद्याने भिंतीतली तार बदलत नाही. मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची, मीटरपुढची आपली. गावाकडे भाडेकरू नसतात, भाऊबंद असतात. वाटणी झालेली नाही, घर सामाईक, मग थोरल्याने का खर्च करावा आणि धाकट्याने का? माझे मत विचाराल तर वाटणी होईल तेव्हा होवो, ई. एल. सी. बी. आधी बसवा.

पैसा थोडा असेल तर सगळे घर एकदम उकलू नका. मीटरनंतर लगेच ई. एल. सी. बी. आणि अर्थिंग करा. मग गिझरसाठी बोर्डापासून चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी तार व सोळा अँपिअरचे सॉकेट घ्या. दिव्यांची जुनी तार सुस्थितीत असेल तर ती पुढच्या सुगीपर्यंत थांबेल. काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे. आणि कपडे वाळत घालायची लोखंडी तार आजच काढून तिथे नायलॉनची दोरी बांधा. विजेची तार तिला घासली किंवा पत्र्यात करंट उतरला की ओले कपडे घालणारीचा घात होतो.

पुराचे सांगितलेच पाहिजे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतली घरे पाण्यात गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात तेच झाले. २५ जुलै २०२४ ला पुण्यात डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत पुराच्या पाण्यात हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. पाणी उंबऱ्याशी येताच, पाय कोरडे असतानाच मेन स्विच बंद करावा. पाणी बोर्डापर्यंत पोचले असेल तर त्याला हात न लावता बाहेर पडावे आणि महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवावे. पाणी ओसरल्यावर पंखा लावून भिंत वाळवायची घाई नको. बोर्ड उघडून सुकू द्यावा, वायरमनला मेगर लावून दाखवायला सांगावे, आणि काटा एक मेगाओहमच्या खाली राहिला तर त्या खोलीचा फ्यूज काढून ठेवून रात्र कंदिलावर काढावी.