घरापुरीची माणसे

आपल्या रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात, समुद्रात एक बेट आहे. त्याचे नाव घरापुरी. मुंबईच्या गेटवेहून लाँच सुटते, ती तासाभरात तिथे पोचते. बेटावर डोंगर कोरून केलेली लेणी आहेत. शंकराची तीन मुखांची मोठी मूर्ती आहे. १९८७ साली या लेण्यांचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले.

दूरदूरची माणसे येतात. मूर्तीचे फोटो काढतात, माकडांचे काढतात, आणि संध्याकाळच्या लाँचने परत जातात. पण घरापुरी म्हणजे नुसती लेणी नव्हेत, बरं का! तिथे शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावे आहेत. तिथे चुली पेटतात, पोरे शाळेत जातात, फाटकी जाळी शिवली जातात. लग्ने होतात आणि भांडणेही होतात. याचे फोटो कुणी काढले? फार थोड्यांनी.

एक गंमत पाहा. लेण्यांच्या वाटेवर काही बाया डोईवर हंडे घेऊन उभ्या राहतात. पाहुणे पैसे देतात आणि त्यांचा फोटो काढतात. त्या बायांना आम्ही नावे ठेवणार नाही, पोट सर्वांना आहे. पण तो फोटो पाहुण्यासाठी काढलेला. त्याच बाई घरी जाऊन रांधतात, नातवाला झोपवतात, तो फोटो त्यांच्या घरातल्यानेच काढायला हवा. पाहुणा तोवर लाँचमध्ये बसलेला असतो. सोमवारी लेणी बंद असतात. त्या दिवशी बेट कसे दिसते, हे बेटावरच्यालाच ठाऊक.

आता विजेचे घ्या. घरापुरीला कायमची वीज आली ती २०१८ साली, समुद्राच्या तळाशी केबल टाकून. स्वराज्य मिळून सत्तर वर्षे झाल्यावर! त्याआधी रात्री काही तास जनरेटर चाले. तो बंद झाला की दिवा, कंदील. त्या उजेडात पोरे कशी अभ्यास करीत, बाया मासे कशा निवडीत, हे आता फोटोत धरता येणार नाही. तो काळ गेला. ज्याने तेव्हा एखादा फोटो काढून ठेवला असेल, त्याच्याजवळच तो उरला.

पी. साईनाथ नावाचे एक पत्रकार आहेत. १९९३ ते २००२ या वर्षांत ते दहा राज्यांत फिरले आणि कष्टकरी बायांचे फोटो काढले. वीट वाहणारी, लावणी करणारी, लाकूडफाटा आणणारी. ते फोटो त्यांनी एसटीच्या आणि रेल्वेच्या स्थानकांवर, कारखान्यांच्या दारांत मांडले. कष्टकऱ्यांनीच ते पाहावेत, हा हेतू. पुढे २०१४ साली त्यांनी ‘पारी’ नावाचा संग्रह सुरू केला. खेड्यांतले रोजचे जिणे त्यात फोटोंसह ठेवतात. तो मराठीतही वाचता येतो.

मग आपल्या जोह्याचे काय? जोहे, हमरापूर, कळवे इथले गणपती मुंबई-पुण्याला जातात. रंगवून तयार झालेल्या मूर्तीचा फोटो सारेच काढतात. माती मळणाऱ्या हातांचा कोण काढतो? साच्यातून मूर्ती अलगद सोडवणाऱ्याचा? डोळ्यांची आखणी करताना श्वास रोखून बसलेल्या सुनेचा? कारखान्यात मोबाईल तर प्रत्येकाच्या खिशात आहे. फोटो काढला की आयुष्य कमी होते, असे जुनी माणसे म्हणत. तसे काही नसते.

मात्र विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नये. आजारी माणूस, विहिरीवर धुणे धुणारी बाई, दुसऱ्याचे मूल, इथे तर अगोदर विचारलेच पाहिजे. नको म्हटले की विषय संपला. काढलेला फोटो आधी त्या माणसाला दाखवावा. त्याने हो म्हटल्यावरच चारचौघांत पाठवावा. एकदा दहा जणांच्या मोबाईलवर गेलेला फोटो परत बोलावता येत नाही.

आणि तुम्हाला आता लिहिता येते, त्याचा इथे उपयोग करा. फोटोसोबत कोण, कुठे, काय करताना, कोणत्या दिवशी, एवढे लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो धाडला की तो लहान होतो आणि बारकावे पुसट होतात. काढल्याची तारीखही सोबत जात नाही. म्हणून चांगला फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, आणि मूळ फोटो पुसू नये. चार-दोन फोटो पेणला जाऊन कागदावर काढून घ्यावेत. मोबाईल पाण्यात पडला तरी ते राहतात. कागदाच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका, खळगे पुढे उमटतात. मऊ शिसपेन्सिल घ्या, हात हलका ठेवा आणि लिहा: “जोहे. आषाढ. थोरली काकू गणपतीचे डोळे आखताना.” खाली साल घाला.